बारावीचा मराठीचा पेपर आणि आपल्या घरची मराठी

बारावीच्या मराठीची तयारी म्हटली की आपल्या घरांतून एकच उत्तर येते : 'मराठी काय, ती तर घरचीच आहे.' मग अकरावी-बारावीची दोन्ही वर्षे भौतिकशास्त्र आणि गणितात जातात. मराठीला फेब्रुवारीतले आठ दिवस मिळतात, तेही गाईडसकट. निकाल लागला की पालकांना नवल वाटते, की घरच्याच भाषेत मार्क गेले कसे?

याचे एक कारण आपल्या बालाघाटच्या इतिहासात आहे. १९५६ च्या १ नोव्हेंबरपर्यंत आपली राजधानी नागपूर होती. त्या दिवशी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि आपण मध्य प्रदेशात राहिलो. मराठी स्वयंपाकघरात, देवघरात आणि लग्नाच्या पत्रिकेत टिकली. पण मुलांची शाळा, बाजार आणि मैत्री हिंदीत होऊ लागली, आणि गावाकडे गेले की कानावर पोवारी पडते. याला मी दोष म्हणत नाही. तीन भाषा कानावर असणे हे भाग्यच आहे. पण साहित्याच्या पेपराला बसणाऱ्या मुलाला या तिन्हींच्या सीमा ठाऊक असाव्या लागतात.

आपल्याकडची काही मुले बारावीला गोंदियाला किंवा नागपूरला जातात आणि महाराष्ट्र मंडळाची परीक्षा देतात. काही इथेच राहून मध्य प्रदेश मंडळाच्या किंवा सीबीएसईच्या परीक्षेत मराठी घेतात. उदाहरणासाठी मी महाराष्ट्राचा पेपर घेतो, कारण त्याचे पुस्तक सहज मिळते. २०२० साली आलेले 'युवकभारती' हे ते पुस्तक. लेखी परीक्षा ८० गुणांची, वेळ तीन तास, आणि २० गुण अंतर्गत मूल्यमापनाचे. प्रश्नपत्रिकेला आता 'कृतिपत्रिका' म्हणतात. गद्य, पद्य, कथा हा साहित्यप्रकार, उपयोजित मराठी आणि व्याकरण-लेखन असे तिचे भाग आहेत.

यातला खरा कस लागतो तो कवितेच्या रसग्रहणात. वर्गात तीन खाने शिकवतात : आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य आणि भाषिक वैशिष्ट्ये. खाने चुकीचे नाहीत. पण मुले ते आधी आखतात आणि मग कोणतीही कविता त्यांत कोंबतात. 'कवीने साध्या सोप्या भाषेत मोठा आशय मांडला आहे' हे वाक्य कोणत्याही कवितेला लागू पडते, म्हणून ते कोणत्याच कवितेबद्दल काही सांगत नाही. परीक्षक दिवसभर हेच वाक्य वाचत असतो.

आमच्या शास्त्रात हॅनेमान यांनी 'ऑर्गनॉन'मध्ये रुग्णाची हकीगत कशी घ्यावी हे सांगितले आहे. वैद्याच्या मनात पूर्वग्रह नसावा, लक्ष असावे, आणि रोग्याला मध्ये न तोडता बोलू द्यावे. नाव ऐकून औषध देणारा डॉक्टर आणि कवीचे नाव पाहून रसग्रहण लिहिणारा विद्यार्थी यांच्यात मला फारसा फरक दिसत नाही. कवितेलाही आधी बोलू द्यावे. दोनदा मोठ्याने वाचावी, गाईड बंद ठेवून. मग वहीत एवढेच लिहावे : कोण बोलतो आहे, कोणाशी बोलतो आहे, कोणता शब्द खटकला, कुठे अडलो. अडलेली जागा ही बहुतेक वेळा कवितेची नाडी असते.

सुरेश भटांची 'रंग माझा वेगळा' घ्या. अमरावतीचा हा कवी आपल्याला जवळचा. मुले ही गझल एखाद्या गोष्टीसारखी पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत 'कवी म्हणतो, मग कवी म्हणतो' अशी सांगत जातात. गझलेत प्रत्येक शेर आपापल्या पायांवर उभा असतो. त्यांना बांधते ते वृत्त आणि यमक, ज्याला काफिया म्हणतात. बऱ्याच गझलांत काफियानंतर तोच शब्द पुन्हा पुन्हा येतो, तो रदीफ. या गझलेत रदीफ नाही, नुसता काफिया आहे आणि तो 'ळा'वर टेकलेला आहे. इथे आपल्या मुलांची अडचण पाहा. प्रमाण हिंदीत 'ळ' नाही. हिंदी शाळेत वाढलेले मूल 'वेगळा'ला 'वेगला' म्हणते आणि सगळा काफिया जिभेवरच विरघळून जातो. यमक कानाला लागलेच नाही, तर त्याबद्दल लिहिणार काय? म्हणून माझे म्हणणे असे की आपल्याकडे रसग्रहणाची तयारी 'ळ'च्या उच्चारापासून सुरू करावी. हसू नका, हे गुणांचे काम आहे.

त्याच गझलेत सावलीचीही झळ लागते अशी एक कल्पना आहे. सावली गारवा देते हा रोजचा अनुभव उलटा झाला. मुलाला विचारा, 'तुला कधी कोणाच्या आधाराचाच त्रास झाला आहे का?' सतरा वर्षांच्या मुलाजवळ याचे उत्तर नक्की असते. ते उत्तर त्याने आपल्या शब्दांत लिहिले, ओळीचा आधार दिला आणि वर विरोधाभास हा शब्द योग्य जागी वापरला, की रसग्रहण झाले. अलंकाराचे नाव आधी आणि अनुभव नंतर, हा क्रम मला पटत नाही.

एकनाथांचे 'विंचू चावला' हे भारूड आपल्या घरांत आजी-आजोबांना पाठ असते. तिथे वेगळी गंमत होते. मुलाला चाल माहीत असते, हसूही येते, पण विंचू म्हणजे काम-क्रोध आणि उतारा म्हणजे सत्त्वगुण हे रूपक तो गाईडमधून उचलतो. त्याने आजीलाच विचारावे. विंचवाची वेदना अंगभर कशी चढत जाते हे ज्याने पाहिले आहे, त्याला नाथांनी विकारासाठी विंचूच का निवडला हे पटकन कळते.

प्रतिमा इंगोले यांची 'गढी' ही कथा वऱ्हाडीत आहे. पोवारी ऐकलेल्या मुलांना ती पुण्याच्या मुलांपेक्षा सोपी जावी, पण होते उलटे. आपली मुले बोलीला अशुद्ध मराठी समजून दबून जातात. बोलीतले संवाद तिथे का आहेत, पात्राबद्दल ते काय सांगतात, हे लिहिण्याची संधी जाते.

आता शब्दांविषयी. हिंदीचा अर्थ मराठी ओळीत शिरला की उत्तर पार बिघडते. मराठीत 'शिक्षा' म्हणजे दंड, 'चेष्टा' म्हणजे थट्टा, 'संसार' म्हणजे घरप्रपंच, 'राग' म्हणजे बहुधा क्रोध. हिंदीत हे शब्द दुसरीकडे जातात. लिंगाचेही तसेच. हिंदीत नपुंसकलिंग नाही, म्हणून आपल्या मुलांच्या लेखनात 'माझी पुस्तक' येते. 'कवि' आणि 'बुद्धि' अशा ऱ्हस्व वेलांट्या हिंदीत बरोबर, मराठीत 'कवी', 'बुद्धी'. अशा शब्दांची एक वही दिवाळीच्या सुट्टीत भरून काढली तरी पुष्कळ. व्याकरणाच्या गाईडात ही यादी मिळत नाही, कारण ती गाईडे बालाघाटसाठी लिहिलेली नसतात.

उपयोजित मराठीबद्दल थोडक्यात. मुलाखत, माहितीपत्रक, अहवाल आणि वृत्तलेख यांचे नमुने पाठ करण्यापेक्षा गावाचेच विषय घ्यावेत. चिन्नोर तांदळाला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्याचे माहितीपत्रक लिहून पाहा. भरवेलीच्या मँगनीजच्या खाणीत काम केलेल्या एखाद्या काकांची मुलाखत घ्या. स्वतः विचारलेला प्रश्न परीक्षेत आठवतो.

पालक मंडळींना काय करता येईल, असे व्याख्यानानंतर बहुतेक वेळा विचारतात. रात्री जेवणानंतर पंधरा मिनिटे मुलाला एक उतारा मोठ्याने वाचायला लावावा आणि आपण ऐकावे. मध्ये सुधारणा करू नये, वाचून झाल्यावर दोनच शब्द सांगावेत. मुलाने एखाद्या ओळीचा भलताच अर्थ लावला तर 'कुठल्या शब्दावरून म्हणतोस?' एवढे विचारावे. शब्द दाखवता आला तर तो अर्थ उत्तरपत्रिकेत लिहायला हरकत नाही, गाईडमध्ये नसला तरी. जानेवारीपासून मात्र घड्याळ लावून पूर्ण तीन तासांचा पेपर निदान चार वेळा सोडवावा, कारण इंग्रजी माध्यमाच्या मुलांचा हात देवनागरीत मंद चालतो आणि निबंध बहुधा अर्धाच राहतो.