जुन्या घरातल्या मोरीचा वास फिनेलने जात नाही. आधी ट्रॅप आणि हवेचा पाईप बघा

गावाकडं जुन्या दगड-मातीच्या घरात मोरी-संडास बहुतेक मागून बांधलेले असतात. पाईप जिथून वाट मिळाली तिथून काढलेला. मग वास येतो, पाणी तुंबतं, पाईप गुडगुडतो. लोक फिनेल ओततात. दोन दिवस बरं वाटतं, पुन्हा तेच. कारण दोष पाईपाच्या जोडणीत असतो.

वास कुठून येतो?
मोरीच्या जाळीखाली नहाणी ट्रॅप बसवतात. त्यात साधारण दोन इंच पाणी कायम राहतं. हे पाणी बुचासारखं काम करतं, टाकीतला वायू वर येऊ देत नाही. बऱ्याच जुन्या मोऱ्यांत ट्रॅपच नसतो. असला तरी वापर नसलेल्या मोरीत उन्हाळ्यात पाणी आटतं. तिथं आठवड्याला तांब्याभर पाणी ओतत जा.

हवेचा पाईप कशाला?
तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल गचके खात येतं. दुसरं पाडलं की सरळ धार लागते. पाईपाचंही तसंच. बादली एकदम ओतली की पाणी मागून हवा ओढतं. हवा मिळाली नाही तर ट्रॅपमधलं पाणीच ओढून नेतं. गुडगुड आवाज ही त्याचीच खूण.

काम काढताना हे सांभाळा
- संडासाला ४ इंची, मोरीला ३ इंची पाईप घ्या.
- १० फुटांला ३ इंच उतार ठेवा.
- काटकोनी वळण टाळा. वळणावर चेंबर किंवा झाकणाचा बेंड ठेवा, म्हणजे तुंबलं तर फरशी फोडावी लागत नाही.
- सेप्टिक टँक घरापासून १५ मीटरच्या आत असेल तर हवेचा पाईप घराच्या माथ्यापेक्षा २ मीटर उंच न्या. पाईप किमान २ इंची हवा. खिडकीजवळ तोंड सोडू नका.
- पाईपाच्या तोंडाला मच्छरजाळी बांधा. टाकीत डास वाढतात.
- मातीच्या भिंतीत पाईप गाडू नका, बाहेरून न्या. आत गळती लागली तर भिंत भिजून खचते.
- फरशी बसवण्याआधी चार-पाच बादल्या पाणी सोडून सांधे तपासा.

दोन शोषखड्ड्यांचा संडास असेल तर
याला हवेचा पाईप लागत नाही, वायू मातीत जिरतो. मात्र मोरीचं पाणी या खड्ड्यांत सोडू नका, खड्डे लवकर भरतात. त्यासाठी वेगळा शोषखड्डा घ्या किंवा पाणी परसातल्या केळीला द्या.

टाकीत उतरू नका
काम करताना टाकीचं झाकण उघडलं तर विडी-काडी लांब ठेवा, मिथेन वायू पेट घेतो. दुसरा वायू हायड्रोजन सल्फाइड. तो जास्त झाला की नाकाला वास कळेनासा होतो, आणि माणूस काही क्षणांत बेशुद्ध पडतो. त्याला काढायला दुसरा उतरतो अन् तोही जातो. टाकी उपसायला मैला उपसणारी गाडीच बोलवा. सुरक्षा साधनांशिवाय माणूस टाकीत उतरवणं २०१३ च्या कायद्यानं गुन्हा आहे. मग तो मजूर असो की घरचा पोरगा, आत उतरवू नका.