कुणाचा पासवर्ड चुकला?

डिरेक्टरी सर्व्हरची ओळख : लेखांक ७

डिरेक्टरीतल्या नोंदीचा पूर्ण पत्ता, म्हणजे डीएन, कसा वाचायचा ते गेल्या आठवड्यात पाहिलं. हा डीएन आणि पासवर्ड सर्व्हरपुढे ठेवून 'मी अमुक' असं सांगणं म्हणजे बाइंड. आज बघू, बाइंड फसलं की काय करायचं.

फसलेल्या बाइंडचं उत्तर बहुतेक वेळा एकच असतं : एरर ४९, 'इनव्हॅलिड क्रेडेन्शियल्स'. ते वाचून नवखा अ‍ॅडमिन लगेच पासवर्ड बदलून मोकळा होतो, आणि तिथूनच खरा गोंधळ सुरू होतो. ओपनएलडॅपमध्ये त्या नावाची नोंदच नसली, डीएनमध्ये एक अक्षर इकडचं तिकडे झालं किंवा खातं लॉक असलं, तरी उत्तर ४९च येतं. यात सर्व्हरचा आळस नाही. 'असा माणूस इथे नाही' आणि 'माणूस आहे, पासवर्ड चुकला' अशी दोन निराळी उत्तरं मिळू लागली, तर कुणीही भामटा नावं टाकत टाकत कंपनीत कोण कोण आहे याची यादी करील. म्हणून सर्व्हर बाहेर मुद्दाम तोंड उघडत नाही. खरं कारण शोधायचं ते त्याच्या लॉगमध्ये.

त्याआधी एक प्रश्न मात्र विचारायलाच हवा, आणि तोच सगळ्यात जास्त विसरला जातो. चुकलेला पासवर्ड नक्की कुणाचा? लॉगिनच्या पडद्यावर आपण 'सुनीता' एवढंच टाइप करतो. अ‍ॅपला सुनीताचा डीएन ठाऊक नसतो. म्हणून ते आधी स्वतःच्या सर्व्हिस अकाउंटने बाइंड करतं, सुनीताची नोंद शोधतं, डीएन मिळवतं आणि मग त्या डीएनने व तिच्या पासवर्डने दुसरं बाइंड करतं. म्हणजे बाइंड दोन, आणि ४९ दोन्हीकडून येऊ शकतो. एकट्या सुनीताची तक्रार असेल तर दुसऱ्या बाइंडकडे बघा. सकाळी सकाळी अख्ख्या ऑफिसचे फोन वाजू लागले तर सर्व्हिस अकाउंटकडे.

सर्व्हिस अकाउंटचं दुखणं बहुधा ठरलेलं असतं. पासवर्ड कुणीतरी रीतसर बदलला, चार ठिकाणी नवा टाकला, पाचवी कॉन्फिग फाइल राहून गेली. ते पाचवं अ‍ॅप जुना पासवर्ड घेऊन दर काही मिनिटांनी दार ठोठावत राहतं. लॉकआउटची मर्यादा ओलांडली की खातं लॉक होतं, आणि मग बरोबर पासवर्ड असलेली चारही अ‍ॅप्स बाहेर. अशा वेळी खातं अनलॉक करून उपयोग नाही, ते पुन्हा लॉक होणारच. अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी असेल तर डोमेन कंट्रोलरच्या सिक्युरिटी लॉगमध्ये ४७४० क्रमांकाची नोंद शोधा. लॉक कुठल्या मशीनमुळे झालं, त्याचं नाव तिथे सापडतं.

ओपनएलडॅपच्या लॉगची पातळी 'स्टॅट्स' ठेवली की फसलेल्या बाइंडच्या दोन ओळी दिसतात : आधी कुठल्या डीएनने मागणी आली, मग निकाल. तो डीएन अक्षर अक्षर वाचा. आणि लॉगिनचा प्रयत्न करूनही लॉगमध्ये काहीच उमटलं नाही, तर अ‍ॅप दुसऱ्याच कुठल्यातरी सर्व्हरशी बोलतंय.

अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी तेवढी अबोल नाही. तिच्या लांबलचक एरर मेसेजमध्ये 'डेटा' या शब्दापुढे एक छोटा कोड असतो. ५२ई म्हणजे पासवर्ड चुकला, ५३२ म्हणजे त्याची मुदत संपली, ५३३ म्हणजे खातं बंद केलेलं, ७७५ म्हणजे लॉक, ७७३ म्हणजे आधी पासवर्ड बदला. हे आकडे हेक्साडेसिमल आहेत. ५२ईचे दशमानात १३२६ होतात आणि तोच विंडोजचा नेहमीचा एरर क्रमांक.

अ‍ॅप बाजूला ठेवून तपासायचं तर 'एलडॅप-हू-अ‍ॅम-आय' ही कमांड पुरे. ती बाइंड करते आणि 'मी कोण?' एवढंच विचारते. पासवर्ड मात्र तिने विचारल्यावरच टाइप करा. फाइलमधून दिलात तर फाइलमधला शेवटचा न दिसणारा न्यूलाइनसुद्धा पासवर्डचा भाग धरला जातो, आणि 'एको'ने बनवलेल्या फाइलमध्ये तो असतोच. कमांडमध्येच दुहेरी अवतरणात लिहिलात तर डॉलरचं चिन्ह आणि त्यापुढची अक्षरं शेल गिळून टाकतो.

देवनागरीत पासवर्ड ठेवण्याची हौस असलेल्यांसाठी जाता जाता : 'दुसऱ्या'तला अर्धा र काही कीबोर्ड एकाच अक्षराने लिहितात, काही र आणि नुक्ता जोडून. पडद्यावर दोन्ही सारखे, पण सर्व्हर बाइट मोजतो. अ‍ॅपने दोन्ही रूपं एकसारखी करून पाठवली नाहीत, तर ४९.

कधी पासवर्ड, डीएन, खातं सगळं ठीक असतं आणि तरीही कुणालाच आत जाता येत नाही. आदल्या दिवशी परवानग्यांच्या नियमांना कुणी हात लावला होता का, ते विचारा. बाइंड पुरं होईपर्यंत सर्व्हरच्या लेखी प्रत्येक जण अनोळखी असतो. त्यामुळे ओपनएलडॅपच्या नियमांत अनोळखी माणसाला पासवर्डच्या रकान्यावर 'ऑथ' परवानगी, म्हणजे वाचायची नव्हे, फक्त पडताळण्यापुरती, द्यावीच लागते. ती ओळ उडाली की सगळ्यांना ४९.

याहून वाईट गोष्ट म्हणजे ४९ यायला हवा तिथे न येणं. डीएन खरा आणि पासवर्ड कोरा असं बाइंड आलं, तर काही सर्व्हर ते अनोळखी माणसाचं बाइंड समजून यशस्वी ठरवतात. भोळं अ‍ॅप यश पाहतं आणि समोरच्याला सुनीता म्हणून आत घेतं. आरएफसी ४५१३ने २००६ मध्येच याबद्दल बजावलं आहे. ओपनएलडॅप असं बाइंड मुळातच नाकारतं. अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीत ते बंद करण्याची सोय विंडोज सर्व्हर २०१९ मध्ये आली, पण ती आपणहून चालू करावी लागते. तेव्हा नवं अ‍ॅप डिरेक्टरीला जोडलंत की नाव खरं टाका, पासवर्डचा रकाना मोकळा सोडा आणि लॉगिनचं बटण दाबा. आत शिरता आलं, तर दुरुस्त होईपर्यंत ते अ‍ॅप कुणाच्याही हाती देऊ नका.