उभा ट्रॅक्टर चालू करण्याआधी

वडिलांच्या वेळचा एचएमटी ट्रॅक्टर गोठ्याशेजारी वर्षानुवर्षे उभा असतो. भंगारात द्यायला जीव होत नाही. पिंजोरला १९७१ साली झेकोस्लोव्हाकियाच्या सहकार्याने हे ट्रॅक्टर बनू लागले; २०१६ मध्ये उत्पादन बंद करण्याचे ठरले. त्यामुळे गिअरचा दाता तुटला तर सुट्या भागासाठी लातूरची दुकाने पालथी घालावी लागतात.

मृग तोंडावर आला की बॅटरी जोडून सरळ स्टार्टर मारावासा वाटतो. तसे करू नका. ट्रॅक्टर सपाट जागी घ्या, चाकांना दगड लावा आणि गिअरबॉक्सखालचा नट हलकेच ढिला करा. पाणी ऑईलपेक्षा जड, म्हणून तळाला साचलेले आधी बाहेर येते. ऑईल ताकासारखे पांढरट निघाले तर पाणी त्यात मिसळले आहे. दमट हवेने आत दव धरते; गिअरच्या दांडीची रबरी टोपी फाटली असेल तर पाऊसही शिरतो. सगळे ऑईल सोडून द्या. त्यात लोखंडाचे तुकडे दिसले, तर मात्र मिस्त्रीला बोलवा.

पुष्कळ ट्रॅक्टरांत हेच ऑईल लिफ्टलाही लागते, म्हणून पुस्तकात दिलेल्या जातीचेच भरा. काही तास काम झाले की पुन्हा तपासा. पांढरट दिसले तर पुन्हा बदला. इथे पैसा वाचवण्यात अर्थ नाही.

क्लच दाबूनही गिअर पडत नसेल तर प्लेट गंजाने चिकटलेली असते. पुढच्या वेळी उभा करताना क्लचचे पेडल दाबून लाकडी ठोकळा अडकवा. काढलेले ऑईल डब्यात साठवा, विहिरीजवळ ओतू नका.