फेरफारापूर्वीची मोजणी

चारही चाकांना शक्ती पोहोचविणारी गाडी ज्याच्या दारात येऊन उभी राहते, त्याच्यापुढे ती कारखान्यातून आली तशीच ठेवावी, की तिच्यात आपल्या मर्जीप्रमाणे फेरफार करावेत, हा प्रश्न फार दिवस लांबणीवर राहत नाही; आणि तो निघाला, की मित्रमंडळीत तत्काळ दोन तट पडतात. पहिला तट ‘कंपनी-फिटिंग’ला धर्मग्रंथाची प्रतिष्ठा देतो आणि ज्या अभियंत्यांनी वर्षानुवर्षे खपून ही रचना सिद्ध केली, त्यांच्यापेक्षा पेठेतला वेल्डर शहाणा कसा, असे विचारतो. दुसऱ्या तटाचे म्हणणे असे, की कारखाना गाडी बनवितो ती सर्वांसाठी, म्हणजे वस्तुतः कोणासाठीच नव्हे, आणि सह्याद्रीच्या चिखलाची खबर कारखान्याच्या दफ्तरात नसते. दोन्ही बाजूंचे युक्तिवाद भारदस्त असले, तरी एका गोष्टीवर त्यांचे न बोलता एकमत असते, ती ही, की मूळ गाडी समोर उभीच आहे आणि तिला हात लावायचा किंवा नाही, एवढेच काय ते ठरवावयाचे आहे. हे गृहीतक किती कच्चे आहे, ते मला पुण्याच्या नाना पेठेच्या परिसरातील एका कार्यशाळेत, एका स्नेह्याच्या मारुती जिप्सीच्या निमित्ताने पाहावयास मिळाले.

जिप्सी ही गाडी या परीक्षेला विशेष योग्य आहे, कारण तिची रचना उघडी आणि प्रामाणिक आहे. सुझुकीच्या छोटेखानी जीपवरून बेतलेली ही गाडी 1985 साली भारतात आली. पुढे 1996 मध्ये तिला 1298 सीसीचे इंजिन मिळाले. वजनाने हलकी, पुढे आणि मागे अखंड लोखंडी आस, चारही कोपऱ्यांत पोलादी पट्ट्यांचे पाटे, आणि अवघड जागी हळू पण जोराने चालण्यासाठी लो-रेंजचा वेगळा दांडा, एवढ्या साहित्यावर तिने लष्करात, जंगल खात्यात आणि हौशी मंडळींत आपले स्थान मिळविले. तिच्यात लपविण्यासारखे फारसे काही नाही; खड्ड्यात उतरून वर पाहिले, की सारा मामला डोळ्यांपुढे असतो.

आमच्या स्नेह्यांनी बरोबर जी यादी आणली होती, ती बरीच लांब होती. मोठे टायर, उंच पाटे, समोर पोलादी बंपर, त्यावर विंच आणि इंजिनाची हवा छतापाशी घेणारी नळी, असा तिचा क्रम होता. कार्यशाळेच्या मिस्त्रींनी ती शांतपणे ऐकून घेतली आणि यादीबद्दल अवाक्षर न काढता विचारले, “साहेब, गाडी अडली कुठं ते सांगा. जागा सांगा, कुठलं चाक सुटलं ते सांगा, मग पाना घेतो.” स्नेह्यांना आठवून सांगावे लागले. मुळशी खोऱ्यापलीकडच्या एका चढावर पावसाळी पाण्याने तिरपा चर पाडला होता. त्यात गाडी आडवी सापडली तेव्हा डावे पुढचे आणि उजवे मागचे अशी कर्णरेषेवरची दोन चाके हलकी होऊन जागच्या जागी फिरू लागली आणि जमिनीवर घट्ट असलेली दोन नुसती उभी राहिली. डिफरन्शियलला कुलूप नसले म्हणजे हे असेच होते. ज्या चाकाला विरोध कमी, त्याला ते फिरू देते, आणि दुसऱ्या चाकाला त्याहून अधिक जोर मिळत नाही.

“म्हणजे चाक खाली लोंबलं नाही,” असे म्हणून मिस्त्रींनी टेप काढली. गाडी सपाट फरशीवर उभी करून त्यांनी चारही कोपऱ्यांत हबच्या मध्यबिंदूपासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर मोजले. जमिनीपासून का मोजत नाही, असे विचारता त्यांनी सांगितले, की जमिनीपासूनच्या मापात टायरमधली हवा लबाडी करते, हबपासूनच्या मापात ती करू शकत नाही. खडूने फरशीवर चार आकडे लिहिले गेले, आणि ते एकमेकांशी जुळत नव्हते. उजवी बाजू डावीहून खाली होती, कारण इतकी वर्षे गाडी बहुधा एकट्या चालकाला घेऊनच हिंडली होती. मागची बाजू अपेक्षेहून अधिक बसली होती, कारण कधीकाळी तिच्यावर टपाच्या सामानाचे ओझे वाहिले गेले होते. जिला आम्ही ‘स्टॉक’ म्हणत होतो, त्या गाडीत काळाने, ओझ्याने आणि गंजाने, कोणाचीही परवानगी न घेता, फेरफार करून ठेवले होते. मालकाने काहीच न करण्याचे ठरविले असते, तरी त्याच्या पदरी मूळ गाडी पडली नसती.

मग पाटे उतरविण्याचे काम सुरू झाले आणि ते पाहण्यासारखे होते. प्रथम चेसिसला घोडे लावून आस मोकळा केला. यू-बोल्टांवर आदल्या रात्रीच तेल सोडून ठेवले होते, तरी त्यांतला एक नट शेवटी कापूनच काढावा लागला. शॅकलच्या पिना ठोकून बाहेर काढल्या तेव्हा रबरी बुशांचे नुसते कडक कडे हाती आले. मधला बोल्ट सोडताच पट्ट्या सुट्या झाल्या, आणि प्रत्येक पट्टीच्या टोकाशी, जेथे ती वरच्या पट्टीवर घासते, तेथे खोल खाचा पडलेल्या दिसल्या. मधल्या भागात गंजाचा थर इतका साचला होता, की पट्ट्या एकमेकींवरून सरकण्याऐवजी एकमेकींना धरून बसल्या होत्या. पाट्याचे कार्य या सरकण्यावर अवलंबून असते. चाक वर-खाली होते तेव्हा पट्ट्या वाकतात आणि वाकताना एकमेकींवरून घसरतात. ती घसरण अडली, की अनेक पातळ पट्ट्यांचा समूह एका जाड, हट्टी पट्टीसारखा वागू लागतो, आणि चरात चाक खाली लोंबण्याऐवजी अधांतरी राहते. चढावर गाडी अडण्याचे कारण त्या गंजात सापडले होते.

पुढचे काम पाट्याच्या कारागिराचे. त्याने फरशीवर खडूने कमानीचा नमुना आखला, प्रत्येक पट्टी तारेच्या ब्रशने घासली, तडा गेला आहे काय ते नखाने आणि नंतर तेल लावून पाहिले, आणि मग ऐरणीवर थंड पट्टी ठेवून टोकापासून मध्याकडे सरकत घाव घालीत तिला तिची हरवलेली कमान परत दिली. घाव जोराचा नव्हता, पण एकसारखा होता. दर काही घावांनंतर पट्टी नमुन्यावर ठेवून पाहिली जाई. दोन पट्ट्या त्याने बाजूला काढल्या, त्या नव्या घालाव्या लागल्या. टोकाच्या खाचा घासून गुळगुळीत केल्या, मध्ये ग्राफाइटचे ग्रीस भरले, नवे बुश बसविले. शॅकलच्या पिनांचे नट मात्र अखेरचे आवळले ते गाडी आपल्या चाकांवर उभी राहिल्यानंतर, कारण लोंबत्या आसावर आवळलेले बुश गाडीचे वजन पडताच पिळले जातात आणि लवकर फाटतात.

या अवधीत मोठ्या टायरांचा हिशेब मी कागदावर मांडून पाहिला. जिप्सीचा मूळ टायर 205/70 आर 15. त्याचा व्यास 668 मिलिमीटर येतो. हौशी मंडळींची पसंती 235/75 आर 15 ला. त्याचा व्यास सुमारे 733 मिलिमीटर. फरक 65 मिलिमीटरचा दिसतो, परंतु गाडी उचलली जाते ती त्याच्या निम्म्याने, म्हणजे डिफरन्शियलच्या पोटाखाली मिळकत होते जेमतेम 33 मिलिमीटरांची. या मिळकतीवर वसुली मात्र अनेक खाती करतात. प्रत्येक गिअर सुमारे दहा टक्क्यांनी ‘उंच’ होतो, त्यामुळे जेथे गोगलगाईच्या चालीची गरज, तेथेच गाडी अधिक वेगाने धावू पाहते आणि क्लच जळतो. स्पीडोमीटर 60 दाखवितो तेव्हा गाडी 66 ने जात असते. जड चाक थांबविण्यास ब्रेक अपुरे पडतात. टायर मडगार्डला घासू नये म्हणून पाटे उंच करावे, तर प्रोपेलर शाफ्टचे कोन तीव्र होऊन जॉइंट थरथरतात, पुढच्या आसाचा कल बदलून स्टेअरिंग आपणहून सरळ परतेनासे होते, ब्रेकची रबरी नळी आखूड पडते. पाटे उंच करण्याचा स्वस्त उपाय म्हणजे जादा पट्टी घालणे; त्याने पाटा ताठ होतो आणि ताठ पाट्यावर चाक अधिकच लवकर अधांतरी जाते. म्हणजे आमच्या स्नेह्यांची यादी बरहुकूम अमलात आली असती, तर ज्या चरात गाडी अडली, तेथे ती अधिक ऐटीत अडली असती.

सरकारी बाजूही विचारात घेणे भाग आहे. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 प्रमाणे नोंदणी पुस्तकातील तपशील आणि निर्मात्याने मूळ ठरविलेला तपशील यांत तफावत पडेल असा फेरफार मालकास करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हीच भूमिका स्पष्ट केली, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक फेरफारास पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही, अशी तरतूद केली. पोलादी बंपरांबाबत तर केंद्रीय मंत्रालयाने डिसेंबर 2017 मध्येच राज्यांना कारवाईची सूचना दिली होती. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि नंतर दर पाच वर्षांनी ‘रीपासिंग’ला जावे लागते, तेव्हा हौसेचा हा सारा जमाखर्च निरीक्षकापुढे उलगडतो.

एवढ्यावरून फेरफाराची बाजू निकालात निघाली, असे मात्र म्हणता येत नाही. आपल्या देशात जीपचा इतिहास हा मोठ्या अंशी फेरफाराचाच इतिहास आहे. स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्र कंपनीने मुंबईत विलीस जीपची जुळणी आरंभिली, तेव्हापासून खेडोपाडी त्या गाड्यांची पेट्रोल इंजिने काढून डिझेलची बसविली गेली, कारण पेट्रोल परवडत नव्हते. सातारा-कोल्हापूरकडे वडापवाल्यांनी बाके वाढविली, कारण एस.टी. पोहोचत नव्हती. या फेरफारांना गरजेचा दाखला होता. जागा कोणती आणि अडचण कोणती, हे करणारा नेमके सांगू शकत होता. मिस्त्रींचा प्रश्न त्याच परंपरेतला होता.

त्याच निकषावर स्नेह्यांच्या यादीतील आणि यादीबाहेरील काही गोष्टी मान्यही झाल्या. मागच्या डिफरन्शियलचे तेल सोडले, तेव्हा ते दुधाळ निघाले. तापलेले डिफरन्शियल ओढ्याच्या थंड पाण्यात बुडले, की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून पाणी ओढून घेते. त्यावर ब्रीदरला लांब नळी लावून ती इंजिनापाशी उंच नेण्याची तजवीज झाली. ओढून काढण्यासाठी चेसिसला भक्कम हूक आले. टायर मूळ मापाचेच, पण खोल नक्षीचे घेतले. विंचला नकार मिळाला, कारण नुकत्याच सावरलेल्या पुढच्या पाट्यांवर ते कायमचे ओझे झाले असते.

पाऊस लागल्यावर आम्ही त्याच चढावर गेलो. टायरमधील हवा 18 पौंडांपर्यंत उतरविली, लो-रेंज टाकली, आणि गाडीने चर तिरपा ओलांडला. एक चाक क्षणभर फिरले, पण लोंबून जमिनीला टेकले. त्यापुढे मात्र एका मोठ्या धोंड्यावर मागचे डिफरन्शियल टेकले आणि मागे यावे लागले. परतल्यावर स्नेह्यांनी मिस्त्रींना जागा सांगितली, चाक सांगितले, धोंड्याची उंचीही सांगितली. मोठ्या टायरांची चर्चा आता प्रथमच खऱ्या अर्थाने सुरू झाली आहे, आणि तिच्यात क्राऊन-पिनियन बदलण्यापासून आर.टी.ओ.पर्यंतचा सगळा खर्च धरला जात आहे. ती मंजूर होईल किंवा नामंजूर. परंतु गाडी तशीच ठेवणारा असो वा बदलणारा, पाट्यांचे, बुशांचे आणि बेअरिंगांचे पहिले बिल दोघांनाही सारखेच भरावे लागते, आणि ते भरण्यापूर्वी दोघांपैकी कोणालाही आपल्या गाडीविषयी मत देण्याचा अधिकार प्राप्त होत नाही.