आईच्या अर्जातले मूल

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, 2005 या कायद्याच्या कलम 18 मध्ये एक चमत्कारिक वाक्यखंड आहे. संरक्षण आदेश देताना दंडाधिकारी प्रतिवादीला पीडित व्यक्तीच्या कामाच्या ठिकाणी जाण्यास मनाई करू शकतात, आणि पीडित व्यक्ती बालक असेल तर त्याच्या शाळेत जाण्यासही. वरवर वाचताना यात काही खटकत नाही. पण कलम 2 मधली व्याख्या उघडली की अडखळायला होते. तिथे पीडित व्यक्ती म्हणजे कौटुंबिक नात्यात असलेली किंवा पूर्वी असलेली ‘कोणतीही स्त्री’. मुलीला निदान या व्याख्येत सामावून घेता येते. दहा वर्षांच्या मुलाला शब्दशः पाहता तिथे जागा नाही. बालक कोण, हे याच कायद्याने नीट सांगितले आहे: अठरा वर्षांखालील व्यक्ती, मग ती दत्तक असो, सावत्र असो किंवा सांभाळायला घेतलेली असो. हे बालक स्वतःच्या नावाने दाद मागू शकते का, याचे सरळ उत्तर मात्र कायदा देत नाही.

या विसंगतीचे मूळ कायद्याच्या जन्मात आहे. विधेयकाच्या उद्देशांच्या निवेदनात 1994 चा व्हिएन्ना करार, 1995 चा बीजिंग जाहीरनामा आणि स्त्रियांवरील भेदभावाच्या निर्मूलनासाठी असलेल्या आंतरराष्ट्रीय समितीची शिफारस यांचा आधार घेतलेला आहे. हे सारे स्त्रियांच्या हक्कांचे दस्तऐवज आहेत. संयुक्त राष्ट्रसंघाची बालहक्क संहिता 20 नोव्हेंबर 1989 रोजी स्वीकारली गेली आणि भारताने ती 11 डिसेंबर 1992 रोजी मान्य केली, म्हणजे हा कायदा येण्याच्या बारा-तेरा वर्षे आधी. पण त्या निवेदनात तिचा उल्लेख नाही. याउलट बालहक्क संरक्षण आयोगांचा त्याच काळातला कायदा, लैंगिक अपराधांपासून बालकांच्या संरक्षणाचा 2012 चा पॉक्सो कायदा आणि 2015 चा बाल न्याय अधिनियम या तिन्हींच्या प्रास्ताविकांत ती संहिता नावानिशी आहे. संसदेने बालहक्कांची दालने उघडली ती इतर कायद्यांत. घरातल्या मारहाणीचा कायदा स्त्रीचा म्हणून लिहिला गेला आणि मूल त्यात आईचे बोट धरून आले.

आले, हेही काही कमी नव्हे. त्यापूर्वी विवाहितेच्या छळाविरुद्ध प्रामुख्याने भारतीय दंड संहितेतील कलम 498अ होते, जे आता भारतीय न्याय संहितेच्या कलम 85 आणि 86 मध्ये आहे. त्या फौजदारी तरतुदीत मुलांच्या सोयीचा विचारच नव्हता. 26 ऑक्टोबर 2006 पासून लागू झालेल्या कायद्याने दिवाणी स्वरूपाचे उपाय दिले: राहत्या घराचा हक्क, खर्च, ताबा, मनाई. घरखर्च अडवून धरणे हाही हिंसाचार ठरला, आणि त्या घरखर्चात मुलांच्या गरजा धरल्या गेल्या. कलम 20 मध्ये आईबरोबर मुलांसाठीही रक्कम मागता येते. कलम 19 मध्ये मुलाच्या सुरक्षिततेसाठी दंडाधिकारी ज्यादा अटी घालू शकतात. भावनिक छळाच्या व्याख्येतही मूल आहे, पण वेगळ्या अर्थाने: मूल नाही किंवा मुलगा नाही म्हणून स्त्रीला टोमणे मारणे हा छळ मानला आहे. असलेल्या मुलाने ते टोमणे रोज ऐकणे हा त्या मुलाचा छळ आहे की नाही, याबद्दल कायदा गप्प आहे.

बालहक्क संहिता नेमकी याच ठिकाणी वेगळी बोलते. अनुच्छेद 19 नुसार आईवडील किंवा सांभाळ करणारी कोणतीही व्यक्ती यांच्याकडून होणाऱ्या सर्व प्रकारच्या शारीरिक आणि मानसिक हिंसेपासून बालकाला वाचवणे ही राज्यसंस्थेची जबाबदारी आहे. संहितेच्या अंमलबजावणीवर देखरेख करणाऱ्या बालहक्क समितीने 2011 मध्ये तेराव्या सर्वसाधारण टिप्पणीत मानसिक हिंसेचे प्रकार मोजले, तेव्हा घरातल्या हिंसाचाराला सामोरे जावे लागणे हा त्यातलाच एक प्रकार धरला. मुलाच्या अंगावर हात पडलेला नसला तरी. शेजारच्या खोलीत आदळआपट चालू असताना गोधडी डोक्यावर ओढून पडलेले मूल केवळ साक्षीदार नसते, ही समज त्यामागे आहे. अशा घरातली मुले झोप, अभ्यास आणि विश्वास या तिन्ही गोष्टींत मार खातात, हे शिक्षकांना आणि समुपदेशकांना अनुभवाने ठाऊक असते.

प्रश्न किती घरांचा आहे? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) 18 ते 49 वयोगटातील विवाहित किंवा पूर्वी विवाहित असलेल्या सुमारे 29 टक्के स्त्रियांनी पतीकडून कधी ना कधी शारीरिक किंवा लैंगिक हिंसा झाल्याचे सांगितले. यांतल्या कितीतरी घरांत मुले असणार. थेट मुलांना होणाऱ्या मारहाणीचे चित्र केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाच्या 2007 च्या अभ्यासातून पुढे आले. तेरा राज्यांतल्या पाहणीत दर तीन मुलांपैकी दोघांनी शारीरिक छळ झाल्याचे सांगितले, आणि घरात मार खाणाऱ्या मुलांपैकी 88.6 टक्के मुलांना मारणारे आईवडीलच होते. आईवडील दोघेही, हे लक्षात घ्यावे लागते. नवऱ्याकडून मार खाणारी बाई मुलांना धपाटे घालते, हे दृश्य अपरिचित नाही, आणि आईला फक्त पीडित म्हणून पाहणाऱ्या कायद्याला ते पेलत नाही.

वळण लावण्यासाठी दिलेला चोप हा भारतीय कायद्यातला सर्वांत अवघड कोपरा आहे. शाळेत शारीरिक शिक्षेला शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 ने बंदी आहे. बालगृहांत बाल न्याय अधिनियमाच्या कलम 82 ने. घराचा उंबरठा आला की भाषा सैल होते. भारतीय न्याय संहितेचे कलम 27 बारा वर्षांखालील मुलाच्या भल्यासाठी पालकाने सद्‌हेतूने केलेल्या कृतीला संरक्षण देते. जाणूनबुजून केलेली गंभीर दुखापत त्यातून सहसा वगळलेली आहे, पण किरकोळ मार त्यात बसतो असा युक्तिवाद करता येतो. बाल न्याय अधिनियमाचे कलम 75 मुलाशी क्रूरतेने वागणाऱ्या पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही सांगते, तेही ‘अनावश्यक’ यातना झाल्यास. मग आवश्यक यातना म्हणजे कोणत्या, हा प्रश्न त्या विशेषणातच शिल्लक राहतो. बालहक्क समितीने 2014 मध्ये भारताच्या अहवालावर मत देताना शारीरिक शिक्षेवर घरासह सर्व ठिकाणी बंदी घालावी असे सुचवले. स्वीडनने हे 1979 मध्येच केले. दक्षिण आशियात नेपाळने 2018 मध्ये पहिले पाऊल टाकले. अशा बंदीचा हेतू सहसा आईबापांना तुरुंगात घालण्याचा नसतो. मारण्याला कायद्याचा आधार उरू नये, एवढाच असतो.

मुलाचे म्हणणे ऐकण्याच्या बाबतीत दरी आणखी रुंद आहे. बालहक्क संहितेचा अनुच्छेद 12 म्हणतो की बालकावर परिणाम करणाऱ्या कोणत्याही न्यायालयीन कामकाजात त्याला स्वतः किंवा प्रतिनिधीमार्फत बोलण्याची संधी मिळाली पाहिजे आणि त्याच्या मताला वय व समज पाहून वजन दिले पाहिजे. भारतीय कायद्यात याची चाहूल जुनी आहे. 1890 च्या पालक व पाल्य अधिनियमाच्या कलम 17 नुसार मूल समंजसपणे पसंती सांगण्याइतके मोठे असेल तर न्यायालय ती विचारात घेऊ शकते. शंभराहून अधिक वर्षांनी आलेल्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात मात्र तेवढेही नाही. त्याच्या कलम 21 नुसार दंडाधिकारी मुलाचा तात्पुरता ताबा पीडित स्त्रीकडे देऊ शकतात, आणि प्रतिवादीची भेट मुलाच्या हिताला बाधक वाटली तर भेट नाकारतात. ही तरतूद उत्तम आहे. आईवडिलांशी संबंध राखण्याचा मुलाचा हक्क मान्य करून हिताआड येणारी भेट टाळणाऱ्या अनुच्छेद 9 शी ती जुळतेही. उणीव एवढीच की भेट बाधक आहे हे ठरवताना मुलाला विचारायचे, असे त्यात लिहिलेले नाही.

2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतल्या एका कुटुंबाच्या खटल्यात प्रतिवादीच्या व्याख्येतून ‘प्रौढ पुरुष’ हे शब्द काढून टाकले. घरातल्या कोणत्याही स्त्रीविरुद्ध दाद मागण्याची वाट त्यामुळे मोकळी झाली. पण ‘प्रौढ’ हा शब्दही गेला, आणि छळाला हातभार लावणारे सोळा-सतरा वर्षांचे मूल प्रतिवादी होऊ शकेल हे न्यायालयाने निकालातच मान्य केले. म्हणजे या कायद्याखाली बालक आरोप झेलणारे होऊ शकते, हे स्पष्ट आहे. दाद मागणारे होऊ शकते, हे तितके स्पष्ट नाही.

प्रत्यक्ष कामाची वाटणीही तशीच तुटक आहे. बाईचा अर्ज संरक्षण अधिकाऱ्याकडे जातो, मार खाणारे मूल बालकल्याण समितीकडे. बाल न्याय अधिनियमानुसार छळ करणाऱ्या व्यक्तीबरोबर राहणारे बालक ‘काळजी आणि संरक्षणाची गरज असलेले’ ठरते. त्यामुळे एकाच घरासाठी दोन फायली उघडतात, आणि त्या एकमेकींना भेटतीलच असे नाही. बायकांसाठी 181, मुलांसाठी 1098, या मदतवाहिन्यांचेही तसेच. या बाबतीत महाराष्ट्राकडे काही जुने भांडवल आहे. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने 1984 मध्ये मुंबई पोलिसांबरोबर सुरू केलेल्या विशेष कक्षाच्या नावातच ‘महिला व मुलांसाठी’ असे आहे. चाइल्डलाइन ही मुलांची मदतवाहिनी 1996 मध्ये मुंबईतच, त्याच संस्थेच्या प्रकल्पातून सुरू झाली. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयातले ‘दिलासा’ केंद्र दवाखान्यात आलेल्या जखमी बाईशी बोलता बोलता हिंसा ओळखण्याचे काम करते. गोव्याने 2003 मध्येच स्वतःचा बाल अधिनियम केला आणि बालछळाच्या व्याख्येत मानसिक छळ आणि मुलाची प्रतिष्ठा खालावणारे शब्दही धरले. सवयीने केलेला असो वा एकदाच, छळ तो छळ, असे ती व्याख्या सांगते. केंद्रीय कायद्यापेक्षा ही भाषा संहितेच्या जास्त जवळची आहे.

इतर देशांनी हा सांधा वेगवेगळ्या प्रकारे जुळवला. न्यूझीलंडच्या 1995 च्या कायद्याने मुलाला हिंसा पाहायला किंवा ऐकायला लावणे हाच त्याचा मानसिक छळ ठरवला. इंग्लंडच्या 2021 च्या कौटुंबिक छळ कायद्याने हिंसा पाहणाऱ्या, ऐकणाऱ्या किंवा तिचे परिणाम भोगणाऱ्या मुलाला स्वतःच्या हक्काने पीडित मानले. युरोपातल्या 2011 च्या इस्तंबूल करारात ताबा आणि भेटी ठरवताना आधी झालेली हिंसा विचारात घेण्याचे बंधन आहे.

पण या वाटेवर एक खड्डाही आहे आणि तो न्यूयॉर्कमध्ये दिसला. तिथे घरात मारहाण झाली आणि मुलाने ती पाहिली, म्हणजे आईने त्याला जपले नाही, असा तर्क लावून बालसंरक्षण यंत्रणा मुलांना आयांपासून तोडत होती. मार बाईने खायचा आणि मूलही तिनेच गमवायचे. 2002 मध्ये संघराज्य न्यायालयाने आणि 2004 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने या प्रथेला चाप लावला. केवळ मुलाने हिंसा पाहिली एवढ्यावरून आईला निष्काळजी ठरवता येणार नाही, असे त्यांचे म्हणणे. भारतात हा धोका दुसऱ्या रूपाने येऊ शकतो. मूल हिरावले जाईल या भीतीने बाई अर्जच करणार नाही. म्हणून मुलाला स्वतंत्र पीडित मानणारी दुरुस्ती करताना हिंसा करणाऱ्याला घराबाहेर काढण्याचा कलम 19 मधला अधिकार आधी वापरला जाणे महत्त्वाचे ठरते. मुलाने घर सोडण्यापेक्षा मारणाऱ्याने सोडणे हे संहितेच्या दृष्टीनेही सरळ आहे.

देशाबाहेर गेलेल्या कुटुंबांत हाच पेच आणखी गुंततो. पतीच्या व्हिसावर अवलंबून असलेली बाई मारहाणीला कंटाळून मुलासह पुण्याला किंवा नागपूरला माहेरी येते, आणि तिकडचे न्यायालय मूल परत पाठवा म्हणते. 1980 च्या हेग कराराचा रोख मूल चटकन मूळ देशात परत करण्यावर आहे. मुलाला गंभीर धोका असेल तर परत न पाठवण्याची मुभा अनुच्छेद 13 मध्ये आहे खरी, पण आईवरची हिंसा म्हणजे मुलाला धोका, हे प्रत्येक वेळी नव्याने सिद्ध करावे लागते. भारत या करारात सामील झालेला नाही. अत्याचारातून पळालेल्या स्त्रिया त्यात भरडल्या जातील, ही भीती त्याविरुद्ध मांडली गेली. 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने इंग्लंडहून परतलेल्या एका आईच्या प्रकरणात परदेशी न्यायालयाचा आदेश हा विचारात घेण्याच्या बाबींपैकी फक्त एक आहे आणि मुलाचे कल्याण सर्वांत वर आहे, असे ठरवले.

कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा बालहक्क संहितेशी जुळवायचा तर काही गोष्टींना संसदच लागेल. पीडित व्यक्तीच्या व्याख्येत मुलगा असो वा मुलगी, प्रत्येक बालकाला जागा देणे, कलम 3 मध्ये हिंसा पाहावी लागणे हा छळ म्हणून धरणे आणि कलम 21 मध्ये मुलाचे ऐकण्याचे बंधन घालणे, या त्या गोष्टी. बरेच काही मात्र त्याहून साध्या मार्गाने होऊ शकते. कलम 37 नुसार नियम करण्याचा अधिकार केंद्र सरकारला आहे, आणि 2006 च्या नियमांना जोडलेले नमुने त्याच अधिकारातून आले आहेत. संरक्षण अधिकारी भरतो त्या घटना अहवालात मुलांसाठी एक रकाना आहे: संख्या, नाव, वय, लिंग आणि सध्या कोणाकडे राहतात. मुलाने काय पाहिले, त्याला शाळेत जाता येते का, त्याला कोणाजवळ राहायचे आहे, हे प्रश्न त्या रकान्यात नाहीत. ते घालायला नियमांत दुरुस्ती पुरेशी आहे.