गंजलेली ब्रेक लाईन आणि पेट्रोल लाईन बदलताना नेमकं काय करावं लागतं?

गेल्या पावसाळ्यानंतर रत्नागिरीत बाबांनी उतारावर ब्रेक दाबला आणि पेडल नेहमीपेक्षा खूपच खाली गेलं. गाडी थांबली, पण उशिरा आणि हँडब्रेक ओढल्यावर. गाडी टेम्पोवर चढवून घरी आणली आणि खाली शिरून पाहिलं, तर मागच्या चाकाकडे जाणारा लोखंडी पाईप एका क्लिपच्या आत गंजून फुटला होता. बाहेरून तो चांगला दिसत होता. क्लिपमध्ये मात्र चिखल आणि समुद्राकडची खारट ओल वर्षानुवर्षं अडकून राहिली होती.

मग गाडी थांबली तरी कशी? ब्रेक ऑईलचे मार्ग एकमेकांपासून वेगळे असे दोन असतात. छोट्या गाड्यांत बहुतेकदा एक मार्ग पुढच्या डाव्या आणि मागच्या उजव्या चाकाला जातो, दुसरा उरलेल्या दोन चाकांना. एक फुटला की पेडल खाली जातं, पण निम्मे ब्रेक शिल्लक राहतात. बाबांना त्या दिवशी तेवढेच पुरले.

पहिला सल्ला एका ओळखीच्या माणसाने दिला: "फुटलेला तेवढा तुकडा काप आणि मध्ये जोड लाव." असं अजिबात करू नका. जोरात ब्रेक दाबला की या नळीतला दाब शंभर बारच्या आसपास जाऊ शकतो. गाडीच्या टायरमध्ये असतो जेमतेम सव्वादोन बार! शिवाय एका क्लिपखाली गंज आहे, म्हणजे पुढच्या क्लिपखालीही असणारच. त्यामुळे दोन्ही टोकांमधला पाईप सलग बदलायचं ठरवलं. पेट्रोलची लाईन त्याच क्लिपांतून जात होती, तिचीही अवस्था तशीच. तीही काढली.

पाईप कुठला घ्यायचा? मूळ पाईप लेप दिलेल्या स्टीलचा असतो. मी तांबं-निकेल मिश्रधातूचा घेतला. तो गंजत नाही आणि हाताने वाकतो. दिसायला तसाच असलेला एसीचा शुद्ध तांब्याचा पाईप स्वस्त मिळतो, पण तो ब्रेकसाठी नाही. सततच्या थरथरीने तांबं कडक होतं आणि चिरतं. बाहेरचा व्यास बहुतेक गाड्यांत ४.७५ मिलिमीटर असतो, तरी जुना तुकडा दुकानात सोबत न्या.

खरी परीक्षा टोकाची

पाईप वाकवणं सोपं. जुना पाईप नमुना म्हणून शेजारी ठेवायचा, लांबी सुतळीने मोजायची आणि सायलेन्सरपासून अंतर राखायचं. अवघड भाग म्हणजे फ्लेअर, पाईपचं टोक कर्ण्यासारखं पसरवणं. नट आवळला की हेच पसरलेलं टोक समोरच्या बैठकीवर दाबून बसतं आणि गळती रोखतं. टेफ्लॉन टेप लावून इथे काही होत नाही, कारण आटे गळती थांबवतच नाहीत.

फ्लेअरचे दोन प्रकार नेहमी भेटतात. एकात कडा आत दुमडून दुहेरी केलेली असते, दुसऱ्यात टोक फुगवून छत्रीसारखं गोल केलेलं असतं. एकाच्या जागी दुसरा चालत नाही. नट आवळला जातो, सगळं ठीक वाटतं आणि दाब आला की गळतं. म्हणून जुनं टोक फेकू नका, ते बघूनच नवं बनवा. कापायला हॅक्सॉ नको, पाईप कटर वापरा आणि आतली धार साफ करा. भुसा आत राहिला तर तो सिलिंडरचे रबर खातो.

माझी फजितीही सांगतो. अर्धा तास घालवून सुंदर फ्लेअर केला आणि मग पाहिलं, तर नट टेबलावरच! फ्लेअर झाल्यावर नट आत जात नाही. टोक कापलं, पाईप आखूड पडला, नवा आणावा लागला. त्यामुळे आधी दोन्ही नट ओवा, तोंडं बाहेरच्या दिशेला, आणि चार-पाच सेंटीमीटर पाईप जास्तच ठेवा. हात बसेपर्यंत रद्दी तुकड्यांवर सराव करा. नाही जमलं तर फ्लेअर तेवढे मेस्त्रीकडून करून घ्या, त्यात कमीपणा नाही.

पेट्रोल लाईनचं तंत्र वेगळं आहे. इथे दाब कमी, पण आगीचा धोका मोठा. इंजेक्शनच्या गाडीत साधारण तीन बार दाब असतो. पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवलं की तो उतरतो. नंतर बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. काम मोकळ्या हवेत करा, खड्ड्यात नको, कारण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि खाली साचते. रबरी नळी इंजेक्शनसाठीची आणि इथेनॉल चालणारीच घ्या. कार्ब्युरेटरच्या काळातली साधी नळी हा दाब आणि आजचं पेट्रोल फार दिवस सोसत नाही. नळी जिथे चढते तिथे पाईपला छोटा उंचवटा हवा आणि क्लिप त्याच्या मागे बसायला हवी.

शेवटी ब्रेकमधली हवा काढणं. ऑईल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते. म्हणून हवा राहिली की पेडल स्पंजसारखं लागतं. पुतणी पेडलवर बसली. मी खालून ओरडायचो, "दाब... धरून ठेव!", निपल सैल करायचो, बुडबुडे गेले की आवळायचो आणि मगच "सोड". टाकी मध्येच रिकामी होऊ द्यायची नाही, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून. चाकांचा क्रम गाडीच्या पुस्तकात पाहा. आमच्या गाडीला एबीएस नाही. ज्यांना आहे, त्यांच्या युनिटमध्ये हवा शिरली तर ती काढायला स्कॅनर लागू शकतो.

गाडी रस्त्यावर काढण्याआधी इग्निशन तीन-चारदा फक्त ऑन केलं, म्हणजे पंप लाईन भरतो, आणि टॉर्चने पेट्रोलचे सगळे जोड पाहिले. मग इंजिन चालू करून पुतणीने पूर्ण जोराने मिनिटभर पेडल दाबून धरलं. मी प्रत्येक ब्रेक नटाला कोरडा टिश्यू लावत गेलो. मागचा एक ओला निघाला. पाव फेरा आवळल्यावर तोही कोरडा झाला. बाबांना किल्ली दिली ती दुसऱ्या दिवशी सकाळी, तोच टिश्यूचा प्रयोग पुन्हा करून.