कॉम्प्युटरची पदवी : माल पारखून घ्या

पेठेत माल घेताना आपण तागा उलगडून पाहतो. पोत पाहतो, काठ पाहतो, उजेडात धरून दोष शोधतो. नुसत्या शिक्क्यावर कोणी गाठ उचलत नाही. पोराबाळांच्या शिक्षणाचा सौदा मात्र आपल्यापैकी पुष्कळजण शिक्क्यावरच करतात. पाटीवर 'कॉम्प्युटर' हा शब्द दिसला की पैसे मोजून मोकळे. आम्हीही तेच केले होते, म्हणून आज चार गोष्टी लिहिण्याचा हक्क आम्हाला आहे असे वाटते.

२०१५ साली आमचा थोरला मुलगा बारावी झाला. पुढे दुकानाची खतावणी त्यालाच सांभाळायची, म्हणून आम्ही त्याला कॉमर्सला घातले होते आणि गणित सोडायला लावले होते. बारावीनंतर तो म्हणाला, अब्बा, मला कॉम्प्युटर शिकायचे आहे. कॉलेजात विचारले तर बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्सला सायन्सचा आणि गणित घेतलेलाच मुलगा लागतो असे कळले. मग एका खाजगी क्लासवाल्याने एक वर्षाचा 'डिप्लोमा' सांगितला, पदवीच्या बरोबरीचा आहे असेही सांगितले. आम्ही रोख भरली. वर्षाने हातात रंगीत सर्टिफिकेट आले. टायपिंग, बिले काढणे, टॅली आणि थोडे चित्रकाम, एवढे तो शिकला. ते कामाला येते, नाही असे नाही; आमची जीएसटीची बिले आज तोच काढतो. पण नोकरीला अर्ज केला तेव्हा कोणीही त्या कागदाला पदवी मानले नाही. खरे तर कॉमर्सच्या मुलाला पुणे विद्यापीठाच्या कॉम्प्युटर ॲप्लिकेशनच्या पदवीचा तीन वर्षांचा रस्ता तेव्हाही उघडा होता. पण आम्ही विचारले कोणाला? क्लासवाल्यालाच.

क्लास आणि पदवी यांत फरक काय, हे मागाच्या भाषेत सांगतो. शेडमध्ये माग चालवणारा कारीगर असतो, बिघडला की उघडून दुरुस्त करणारा मिस्त्री असतो, आणि कुठेतरी तो माग मुळात रचणारा माणूस असतो. क्लास मुलाला पहिला करतो. पदवी, नीट शिकली तर, दुसरा आणि तिसरा होण्याचा पाया घालते. कोणते बटण दाबायचे हे क्लासात शिकवतात. बटण दाबल्यावर आत काय घडते आणि तेच काम कमी वेळात कसे होईल, हा कॉम्प्युटर सायन्सचा विषय आहे.

हा विषय आपल्या धंद्याला परका नाही, हे विणकर बांधवांना मुद्दाम सांगावेसे वाटते. फ्रान्सच्या लियॉन शहरात जोसेफ जकार्ड याने १८०४ च्या सुमारास नक्षीचा माग तयार केला. त्यात पुठ्ठ्याच्या पत्त्यांना भोके पाडलेली असत. भोक आले की हूक वर उचलला जाई आणि ताण्याचा धागा उठे. भोक नसले की धागा खाली राही. जकार्डवर काम केलेल्या कोणत्याही मिस्त्रीला हे तोंडपाठ असते. इंग्लंडच्या चार्ल्स बॅबेज याने १८३० नंतरच्या दशकात आपल्या हिशेबी यंत्राची आखणी केली, तेव्हा यंत्राला हुकूम देण्यासाठी त्याने हेच पत्ते घेतले. जकार्डची रेशमात विणलेली एक तसबीर बॅबेजजवळ होती. ती विणायला सुमारे २४,००० पत्ते लागले होते. पुढे १८९० साली अमेरिकेच्या जनगणनेची मोजणी हर्मन हॉलरिथ याच्या यंत्रांनी भोकाच्या पत्त्यांवरच केली. आज पुठ्ठा गेला, पण धागा वर की खाली, एक की शून्य, ही रीत तीच आहे.

आता त्या तीन वर्षांत शिकवतात काय? आमची मुलगी २०२२ ते २०२५ या काळात बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्स करीत होती. तिची पुस्तके आम्ही रात्री दुकान बंद करून चाळत असू. इंग्रजी बेताचेच, पण ती समजावून सांगे. पहिल्या वर्षी सी ही भाषा, डेटाबेस, गणित, संख्याशास्त्र आणि इलेक्ट्रॉनिक्स. पुढे डेटा स्ट्रक्चर, नेटवर्क, जावा, ऑपरेटिंग सिस्टीम.

डेटा स्ट्रक्चर म्हणजे माल कसा रचून ठेवायचा याचे शास्त्र. तागे थप्पीने रचले तर शेवटी ठेवलेला आधी निघतो. गिऱ्हाइके रांगेत उभी केली तर आधी आलेला आधी सुटतो. दोन्ही रीती कॉम्प्युटरला लागतात. कोणती कुठे वापरायची हे कळले नाही तर काम अडते. ऑपरेटिंग सिस्टीमचे म्हणाल तर एक कारीगर चार-सहा माग सांभाळतो, कुठे धागा तुटला, कुठे कांडी संपली तिकडे धावतो, तसे एक यंत्र एकाच वेळी अनेक कामांकडे कसे धावते त्याचा अभ्यास.

एक उदाहरण मात्र आमच्या मनातून जात नाही. मुलीने विचारले, "अब्बा, तुमच्या खतावणीत हजार गिऱ्हाइकांची नावे आहेत. एक नाव शोधायला किती वेळा पाहावे लागेल?" आम्ही म्हटले, नशीब खोटे असेल तर हजार वेळा. ती म्हणाली, "नावे अक्षरांच्या क्रमाने लावलेली असतील तर जास्तीत जास्त दहा वेळा." रीत अशी. वही बरोबर मध्ये उघडायची. हवे ते नाव तिथल्या नावाच्या आधीचे असेल तर मागचा अर्धा भाग सोडून द्यायचा, नंतरचे असेल तर पुढचा. उरलेल्या अर्ध्याच्या पुन्हा मध्ये पाहायचे. हजाराचे पाचशे, पाचशेचे अडीचशे, असे करीत दहाव्या खेपेला एकच नाव उरते. आणि नावे दहा लाख असली तर? वीस खेपा. वही दुप्पट झाली की फक्त एक खेप वाढते. आम्ही तीस वर्षे धंदा केला, वह्या हजारो वेळा चाळल्या, पण हा हिशेब आमच्या ध्यानात आला नव्हता. अशा पायरीपायरीच्या रीतीला अल्गोरिदम म्हणतात. नवव्या शतकात बगदादला बसून गणित लिहिणाऱ्या अल-ख्वारिज्मी यांच्याच नावावरून तो शब्द आला. नावाचा अभिमान जरूर बाळगावा, पण घरातल्या पोराला गणित येत नसेल तर त्या अभिमानाचा उपयोग काय?

आणि सगळी गाठ गणितापाशीच आहे. आपल्याकडे अकरावी सायन्सला गेलेल्या मुलाला, विशेषतः मुलीला, बायोलॉजी घ्यायला लावतात आणि गणित सोडवतात. डॉक्टरीची किंवा युनानीची आशा असते. ती आशा वाईट नाही. पण तिथे नंबर लागला नाही तर मागे वळावे म्हटले तरी कॉम्प्युटरचा मोठा दरवाजा बंद झालेला असतो. आमच्या मुलीलाही हाच सल्ला मिळाला होता. तिने दोन्ही विषय ठेवले. घरात दोन दिवस अबोला होता. आज मान्य करतो की तिचेच बरोबर होते.

रस्ते किती आहेत ते थोडक्यात सांगतो. बारावी सायन्सला गणित असेल तर बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्स. फिजिक्स आणि गणित घेऊन सीईटी किंवा जेईई दिली तर चार वर्षांचे इंजिनिअरिंग. दहावीनंतर पॉलिटेक्निकचा तीन वर्षांचा डिप्लोमा केला तर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. हा पॉलिटेक्निकचा, सरकारमान्य डिप्लोमा. गल्लीतल्या क्लासचा नव्हे. कोणत्याही शाखेच्या मुलाला बीसीए किंवा बीबीए कॉम्प्युटर ॲप्लिकेशन. मात्र २०२४-२५ पासून हे अभ्यासक्रम एआयसीटीईच्या कक्षेत आले आहेत आणि राज्यात त्यांच्यासाठी वेगळी सीईटी सुरू झाली आहे. काही कॉलेजांनी अभ्यासक्रमाचे नावच बदलले. तेव्हा प्रवेशाआधी पदवीचे पूर्ण नाव आणि विद्यापीठाची मान्यता कागदावर पाहून घ्यावी. नव्या शैक्षणिक धोरणामुळे पदवी तीन वर्षांवर थांबवता येते किंवा चौथे वर्ष करून ऑनर्स घेता येते.

दुकान सोडून कॉलेजला जाणे ज्याला शक्य नाही, त्याच्यासाठीही एक मार्ग आहे. आयआयटी मद्रासने २०२० मध्ये प्रोग्रामिंग आणि डेटा सायन्सची ऑनलाइन पदवी सुरू केली. तिला जेईई लागत नाही. चार आठवड्यांचा अभ्यास करून पात्रता परीक्षा द्यावी लागते. धडे घरी, परीक्षा मात्र केंद्रावर जाऊन. कमी उत्पन्नाच्या घरांना फीमध्ये सवलत आहे. मध्येच थांबले तरी तिथपर्यंतचे सर्टिफिकेट किंवा डिप्लोमा हाती राहतो. गादीवर बसणाऱ्या मुलांनी याचा विचार करावा. अभ्यास सोपा आहे असे मात्र समजू नये.

भाषेची भीती आम्ही समजू शकतो. आम्ही स्वतः उर्दू शाळेत शिकलो. जमा, तफरीक, जरब, तक्सीम असेच आमचे गणित. मुलगीही दहावीपर्यंत उर्दूतच शिकली. पहिल्या वर्षी इंग्रजी पुस्तकाचे एक पान वाचायला तिला तासभर लागे, आणि इलेक्ट्रॉनिक्समध्ये एटीकेटी लागली. ती रडली, आम्हीही हबकलो. दुसऱ्या वर्षी विषय सुटला. मुसल्लस म्हणा, त्रिकोण म्हणा की ट्रँगल, कोन तीनच असतात. जेईई मेन उर्दूतून आणि मराठीतूनही देता येते. राज्याच्या सीईटीत फिजिक्स आणि केमिस्ट्रीचे प्रश्न इंग्रजीबरोबर मराठी आणि उर्दूत मिळतात, पण गणिताचा पेपर इंग्रजीतच असतो. म्हणून आठवी-नववीपासून गणितातले इंग्रजी शब्द मुलाच्या कानावर घालावेत. त्यासाठी इंग्रजी शाळाच पाहिजे असे नाही. उर्दू शाळेतला मास्तर मनावर घेईल तर पुरते.

आता पैशाची गोष्ट. फी, पुण्यातली खोली, जेवण आणि लॅपटॉप यांसाठी आम्ही चार माग विकले. मंदीचे दिवस होते, भाव जवळजवळ भंगाराचा आला. भाऊबंद म्हणाले, मुलीसाठी माग विकतो, याचे डोके फिरले. त्यांना तेव्हा उत्तर दिले नाही, आजही पूर्ण उत्तर आमच्यापाशी नाही. कारण पदवी मिळाली म्हणजे दारात नोकरी उभी, असे दिवस आता राहिलेले नाहीत. २०२३-२४ या एका वर्षात टीसीएस, इन्फोसिस आणि विप्रो या तीन कंपन्यांची नोकरसंख्या मिळून साठ हजारांहून अधिक घटली. २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आले, आणि आता साधा प्रोग्राम यंत्रच लिहून देते. आमची मुलगी सात महिने अर्ज करीत होती. मग नाशिकला एका लहान कंपनीत लागली. पगार आमच्या मुनिमाहून फार जास्त नाही. तिचे काम दुसऱ्यांनी आणि यंत्राने लिहिलेले प्रोग्राम तपासण्याचे. आम्ही म्हटले, म्हणजे तू कापड तपासणारी झालीस. ती हसली, म्हणाली, "हो अब्बा, पण दोष कुठल्या धाग्यात आहे ते मला सांगता येते." क्लासचा रंगीत कागद घेतलेल्याला नेमके हेच सांगता येत नाही, आणि त्याचे काम यंत्राने सर्वांत आधी घेतले आहे.

माग विकण्यापूर्वी एक काम आम्ही करायला हवे होते, ते वाचकांनी तरी करावे. मोमीन, अन्सारी, जुलाहा अशा आपल्या बऱ्याच कारीगर जमाती राज्याच्या ओबीसी यादीत आहेत. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाप्रमाणे, वार्षिक आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ओबीसी, आर्थिक दुर्बल आणि एसईबीसी घरांतील मुलींना इंजिनिअरिंगसारख्या व्यावसायिक अभ्यासक्रमांत केंद्रीय प्रक्रियेतून प्रवेश मिळाला तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ आहे. मुलांसाठी शुल्काच्या वेगळ्या सवलती आहेत. पण त्यासाठी जातीचा दाखला, पडताळणी, नॉन-क्रिमिलेअर आणि उत्पन्नाचा दाखला लागतो, आणि जातीच्या दाखल्याला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागतात. निकाल लागल्यावर जूनमध्ये लोक तहसीलबाहेर रांगा लावतात आणि मुदत टळते. धाकट्या मुलासाठी या वेळी आम्ही तो नववीत असतानाच शोध सुरू केला. वालिद मरहूम यांचा शाळा सोडल्याचा दाखला शेवटी शेडमध्ये, सुताच्या जुन्या पेटीच्या तळाशी, सायझिंगच्या बिलांखाली सापडला. एक कोपरा उंदरांनी खाल्ला आहे, पण जात आणि तारीख शाबूत आहे.